कर्करोग : दैव कीं जीवनक्रम ?

कुटुंबांतील एखाद्या माणसास कर्करोग झाल्याचें निश्चित कळलें, म्हणजे पहिले कांहीं दिवस डॉक्टर, तपासण्या आणि पैशांची जुळवाजुळव यांतच जातात. ती धांवपळ थोडी ओसरली, कीं घरांत एक प्रश्न हळूच शिरतो आणि मग तो बाहेर जाण्याचें नांव घेत नाहीं : हा रोग यालाच कां व्हावा? समाचारास येणारीं माणसें या प्रश्नाचें उत्तर बहुधा दोहोंपैकीं एका रीतीनें देतात. कोणी म्हणतो, “नशिबाचा भाग, दुसरें काय!” कोणी निघतांना जिन्यांत आवाज खालीं आणून विचारतो, “तंबाखूची संवय होती का हो?” पहिल्या उत्तरानें कोणाचेंच समाधान होत नाहीं, आणि दुसऱ्यानें रोग्याच्या दुखण्यांत अपराधाची भर पडते. शिवाय प्रत्येक घराण्यांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, जन्मभर विडी ओढून पंचाऐशीव्या वर्षीं झोपेंत गेलेल्या आजोबांची. दुसरी, सुपारीचें खांडही कधीं तोंडांत न घातलेल्या आणि पन्नाशीच्या आंतच गेलेल्या मावशीची. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. त्यांवरून जो निष्कर्ष काढण्यांत येतो, तो मात्र खरा नसतो.

कर्करोगाचा माणसाच्या धंद्याशीं संबंध असूं शकतो, ही गोष्ट स्पष्टपणें मांडली ती लंडनमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें, १७७५ सालीं. त्या काळीं तेथील घरांचीं अरुंद धुराडीं साफ करण्यासाठीं लहान पोरांना आंत चढवीत. काजळी त्यांच्या अंगावर, विशेषतः त्वचेच्या घड्यांत, महिनोन्‌महिने बसून राही. आणि हीं मुलें मोठीं झाल्यावर त्यांपैकीं कित्येकांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. पुढें १८९२ सालीं हेन्री बटलिन यानें दाखविलें कीं, युरोप खंडावरील धुराडीं झाडणारे लोक अंगभर कपडे घालीत व नित्य अंग धूत. त्यांच्यांत हा रोग क्वचितच आढळे. धंदा तोच, काजळी तीच. फरक काय तो पोशाखाचा आणि पाण्याचा. १९१५ सालीं टोकियो येथें यामागिवा आणि इचिकावा या दोन शास्त्रज्ञांनीं सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून प्रत्यक्ष कर्करोग उत्पन्न करून दाखविला. येथवर पाहतां असें वाटेल कीं, कारण सांपडलें, वाद मिटला. परंतु लंडनच्या धुराड्यांतून चढणाऱ्या सर्वच मुलांना तो रोग झाला नाहीं. आणि तेंच डांबर, त्याच हातांनीं लावूनही सर्वच सशांना झाला नाहीं. कांहींना झाला आणि कांहींना झाला नाहीं, हा जो उरलेला भाग, त्याचें कोडें पुढें शंभर वर्षें शास्त्रज्ञांना सतावीत राहिलें.

तें समजण्यासाठीं छापखाने नव्हते त्या काळांतील लहियाचें काम डोळ्यांपुढें आणावें. माणसाच्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत सुमारें तीन-तीन अब्ज अक्षरांच्या दोन पोथ्या असतात; एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पेशी दुभंगून दोन होते, त्या वेळीं या सर्व अक्षरांची नक्कल करावी लागते. लहिया अत्यंत कुशल आहे, आणि त्याच्या मागें चुका शोधणारे तपासनीसही बसलेले आहेत. तरीसुद्धां एका विभागणींत सरासरी तीनएक चुका राहून जातातच. त्यांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा काना-मात्रा चुकल्यानें कथेचा अर्थ बदलत नाहीं. परंतु पेशीच्या वाढीस आवर घालणाऱ्या ओळींतच चूक झाली, तर ती पेशी आपल्या शेजाऱ्यांपेक्षां कांकणभर अधिक वाढूं लागते. एका चुकीनें कर्करोग होत नाहीं. त्याच पेशीच्या वंशांत अशा दोन, तीन, कधीं त्याहून अधिक निर्णायक चुका एकत्र याव्या लागतात. म्हणूनच हा रोग मुख्यतः उतारवयाचा आहे. आर्मिटेज आणि डॉल यांनीं १९५४ सालीं दाखविल्याप्रमाणें कित्येक कर्करोगांच्या बाबतींत वय दुप्पट झालें, तर मृत्यूचें प्रमाण दुपटीनें नव्हे, साठांहून अधिक पटींनीं वाढतें.

आतां लहियाची चूक दोन कारणांनीं होऊं शकते. एक त्याची स्वतःची. उत्तम प्रकाश, उत्तम शाई, शांत चित्त, तरीही हात घसरतो. हिला यदृच्छेखेरीज दुसरें नांव नाहीं. दुसरी, दिवा धुरकट असल्यामुळें होणारी. तंबाखूचा धूर हा असा धुरकट दिवा आहे. डांबर, काजळी, प्रखर उन्हांतील अतिनील किरण हीं त्याच जातीचीं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. जेथें जखम वारंवार होते व वारंवार भरते, तेथें नव्या पेशी अधिक लागतात. म्हणजे नकलाही अधिक कराव्या लागतात. चुना-तंबाखूची गोळी गालांत धरून बसणारा मनुष्य तेथील दिवा धुरकट तर करतोच, शिवाय लहियाच्या पुढें कामाचा ढीगही वाढवितो. जी चूक निव्वळ यदृच्छेची म्हणून खतावली जाईल, तिची संख्यासुद्धां अशा रीतीनें संवयीच्या हातीं जाते. आणि कांहीं घराण्यांत तपासनीसच जन्मतः अर्धवट डोळस असतात; तेथें रोग पिढ्यान्‌पिढ्या व तरुणपणीं दिसतो. हा आनुवंशिक भाग एकंदर कर्करोगांत थोडा आहे, पण ज्या घरांत आहे त्या घरांत तो लहान नव्हे.

२०१५ सालच्या जानेवारींत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील टोमासेट्टी आणि फोगेलस्टाइन या दोघांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. शरीरांतील ३१ प्रकारच्या ऊतींची त्यांनीं तुलना केली होती. मोठ्या आंतड्याचा कर्करोग पुष्कळ आढळतो, लहान आंतड्याचा अत्यंत विरळ; आणि मोठ्या आंतड्यांतील मूळ पेशींच्या विभागण्या लहान आंतड्यांतील विभागण्यांहून फार अधिक होतात. अशा रीतीनें पाहतां निरनिराळ्या अवयवांतील धोक्यामध्यें जो फरक आहे, त्याचा सुमारें दोन तृतीयांश भाग या विभागण्यांच्या संख्येवरून उलगडतो, असें त्यांचें म्हणणें होतें. दुसऱ्या दिवशीं जगभरच्या वृत्तपत्रांनीं छापलें, “तीनांपैकीं दोन कर्करोग केवळ दुर्दैवानें होतात.” धूम्रपान करणाऱ्या अनेकांना ती बातमी फारच गोड लागली असेल.

निबंधांत तसें म्हटलें नव्हतें, हें समजणें कठीण नाहीं. समजा, एका राज्यांत लहियांचे तीस मठ आहेत. ज्या मठांत नकला अधिक, तेथें चुका अधिक, असें आढळून आलें. आतां त्या तीसही मठांतील दिवे कोणी एकदम मंद केले. प्रत्येक ठिकाणीं चुका दुप्पट होतील. पण कोणत्या मठांत अधिक व कोणत्यांत कमी हें प्रमाण जसेंच्या तसें राहील. म्हणजे मठामठांतील फरक नकलांच्या संख्येवरून कितीही चांगला उलगडला, तरी एकूण चुकांपैकीं किती मंद दिव्यामुळें झाल्या, याचा त्यावरून पत्ता लागत नाहीं. शिवाय स्तन आणि पुरःस्थ ग्रंथि या दोन अवयवांचे कर्करोग सर्वत्र इतके आढळत असूनही त्या पहिल्या यादींत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें त्याच महिन्यांत आपला आक्षेप जाहीरपणें नोंदविला. वर्षभरांतच न्यूयॉर्क राज्यांतील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनीं ‘नेचर’मध्यें उलट टोंकाचा निष्कर्ष मांडला कीं, कर्करोगाच्या धोक्याचा सत्तर ते नव्वद टक्के भाग बाह्य कारणांचा आहे. सामान्य वाचकानें आतां यांतील कोणता आंकडा खरा मानावा?

खरी अडचण आंकड्यांत नाहीं, प्रश्नांतच आहे. शेतांत दहा मण जोंधळा पिकला. त्यांतील किती मण पावसाचा आणि किती मण बियाण्याचा, असें कोणी विचारलें तर शेतकरी हंसेल. दोहोंचा गुणाकार झाला आहे; बेरीज नव्हे. टोमासेट्टी आणि फोगेलस्टाइन यांनीं स्वतःच २०१७ सालीं, ६९ देशांतील आंकडे घेऊन, ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. कर्करोगाच्या पेशींत जे निर्णायक बदल आढळतात त्यांपैकीं सुमारें ६६ टक्के नकलेच्या चुकांचे, २९ टक्के बाह्य कारणांचे आणि ५ टक्के आनुवंशिक, असा त्यांचा अंदाज आहे. परंतु त्याच निबंधांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें उदाहरण आहे. त्याच्या एका मुख्य प्रकारांत निर्णायक बदलांपैकीं तिसरा हिस्सा नकलेच्या चुकांचा असूनही तो कर्करोग जवळजवळ नव्वद टक्के टाळतां येण्याजोगा आहे. तिजोरीला तीन कुलुपें असलीं आणि त्यांपैकीं दोन चोराला उघडीं सांपडलीं, तरी तिसरें बंद असेपर्यंत तिजोरी शाबूत राहते. दोन चुका यदृच्छेनें झाल्या आणि तिसरी तंबाखूनें व्हावयाची होती. तंबाखू नसेल तर पहिल्या दोन निष्फळ राहतात.

हाच प्रकार वेगळ्या बाजूनें लंडनमधील फ्रान्सिस क्रिक संस्थेंतील चार्ल्स स्वान्टन आणि त्यांचे सहकारी यांच्या २०२३ सालच्या संशोधनांत दिसून आला. कधींही धूम्रपान न केलेल्या माणसांना फुप्फुसाचा कर्करोग कां होतो, हा त्यांचा विषय. निरोगी माणसाच्या फुप्फुसांतही वयाबरोबर कांहीं पेशी चुकीची ओळ घेऊन निमूटपणें बसलेल्या असतात. हवेंतील अतिसूक्ष्म धूलिकण तेथें दाह उत्पन्न करतात, आणि त्या दाहामुळें या निजलेल्या पेशी जाग्या होतात. चूक यदृच्छेची, आणि तिला उठविणारी हवा शहराची! या शहराच्या हवेला एकट्यादुकट्याचा जीवनक्रम म्हणणें न्यायाचें नाहीं. ज्याला कारखान्याच्या किंवा हमरस्त्याच्या कडेलाच खोली परवडते, त्याला सकाळीं मोकळ्या हवेंत फिरण्याचा उपदेश करण्यांत फारसा अर्थ नाहीं.

मुंबईला या विषयांत एक मानाचें स्थान आहे. परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं उचलली. मुंबईंत एका रुग्णालयाच्या दारांत नाना जातींचे, नाना प्रांतांचे, निरनिराळ्या संवयींचे लोक येतात, ही गोष्ट संशोधकाच्या दृष्टीनें केवढें भांडार आहे, हें त्यांनीं ओळखलें. तंबाखू गालांत धरणाऱ्यांचा कर्करोग गालांत, विडी ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशीं व घशांत. तोंडाच्या आंत जणुं संवयींचा नकाशाच काढलेला! आंध्रच्या किनाऱ्यावर कांहीं भागांत स्त्रिया चुट्टा पेटतें टोंक तोंडांत घेऊन ओढतात. तेथें रोग टाळूला होतो, जो इतरत्र फार विरळ. काश्मिरांत थंडीसाठीं निखाऱ्यांची कांगडी पोटाशीं धरतात. तेथें पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला. कमरेला धोतर वर्षानुवर्षें घट्ट आवळल्यानें तेथील त्वचेस होणाऱ्या कर्करोगाची नोंद खानोलकरांच्याच नांवावर आहे. या कर्करोगांनीं नेमकी संवयीची जागा धरावी, हें निव्वळ यदृच्छेनें घडणारें नव्हे.

असें असूनही कांगडी बाळगणाऱ्या असंख्य काश्मिरी माणसांपैकीं थोड्यांनाच तो रोग होतो, आणि धोतर नेसणाऱ्यांपैकीं तर अत्यंत थोड्यांना. कोणाला, हें बव्हंशीं यदृच्छा ठरविते. कितीजणांना आणि कोठें, हें संवय ठरविते. येथें आंकडे बोलके आहेत. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५० सालीं फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशीं असलेला संबंध दाखविला. आरंभीं डॉल यांचा संशय सिगारेटपेक्षां रस्त्यावरच्या डांबरावर अधिक होता. पुरावा जमत गेला तेव्हां त्यांनीं स्वतःची सिगारेट सोडली. ब्रिटनमधील पुरुषांविषयीं २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें, जन्मभर सिगारेट ओढणाऱ्या शंभर पुरुषांपैकीं पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत सुमारें सोळांना फुप्फुसाचा कर्करोग गांठतो. कधींच न ओढणाऱ्या शंभरांत असा एकही पुरा भरत नाहीं. म्हणजे शंभर ओढणाऱ्यांपैकीं चौऱ्याऐंशी जण या एका रोगातून सुटतात. घराण्यांतील ते पंचाऐशी वर्षांचे आजोबा या चौऱ्याऐंशींतले. तंबाखूमुळें होणारे हृदयाचे व श्वासाचे विकार यांत मोजलेले नाहींत, ही गोष्ट आजोबांचा दाखला देणारे विसरतात. आणि न ओढणाऱ्यांत जी क्वचित् सांपडते, ती मावशी.

जीवनक्रम म्हटलें कीं लोकांच्या मनांत व्यसन येतें, हीही एक मोठी गैरसमजूत आहे. इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यानें अठराव्या शतकाच्या आरंभींच लिहून ठेविलें कीं, मठांत राहणाऱ्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक होतो. मुंबईच्या पारशी समाजांत अग्नि पवित्र मानल्यामुळें धूम्रपान निषिद्ध. त्यामुळें त्यांच्यांत तोंडाचा व घशाचा कर्करोग कमी. स्तनाचा मात्र इतर समाजांहून अधिक. उशिरां होणारीं लग्नें, अविवाहित राहणाऱ्या स्त्रिया आणि थोडीं मुलें हीं त्याचीं कारणें सांगतात. आतां शिकलेली मुलगी तिसाव्या वर्षीं लग्न करते आणि एका मुलावर थांबते, यांत कोणता अपराध आहे? गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागें एक विषाणु असतो, असें हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं दाखविलें व त्याबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विषाणूवर आज लस आहे. ती वेळेवर मिळणें हा मुलीच्या शीलाचा प्रश्न नसून आरोग्यखात्याच्या व पालकांच्या तत्परतेचा आहे.

मराठी बोलींत ‘दैव’ आणि ‘यदृच्छा’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. येथें मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. दैव म्हटलें कीं कोठेंतरी खातेवही आली, मागल्या जन्मींचें देणें आलें, आणि रोगी अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या हातून काय पाप झालें तें शोधूं लागतो. यदृच्छेला खातेवही नाहीं. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड येथील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जन्मलेल्या, हुबेहुब एकच पोथी घेऊन आलेल्या जुळ्यांतही एकाला कर्करोग झाला तर दुसऱ्याला तोच कर्करोग बहुतेक वेळां होत नसे, असें त्यांत दिसलें.

तंबाखू आणि सुपारी यांच्याबाबत मात्र महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांनीं स्वतःस फसवूं नये. सुपारींत तंबाखू नसली म्हणजे ती निरुपद्रवी, ही समजूत जुनी आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनें २००४ सालीं नुसती सुपारीही कर्करोगजनक ठरविली आहे. स्त्रिया दांतांना लावतात ती मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिला दंतमंजन म्हटल्यानें तिचा गुण पालटत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तरी पुडी बदलून तोच माल विकणाऱ्यांची कल्पकता बंद झालेली नाहीं. उलट, संवय सोडण्यास उशीर झाला असें मानण्याचेंही कारण नाहीं. ज्या हिशेबांत जन्मभर ओढणाऱ्यांचा आंकडा सोळा आहे, त्याच हिशेबांत साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचा दहा, पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचा सहा, चाळिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचा तीन आणि तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचा दोन आहे.

रुग्णालयांत रोग्याला तंबाखूविषयीं विचारतात, तेव्हां पुष्कळ कुटुंबें अवघडतात आणि कित्येकदां खोटें उत्तर देतात. जणुं काय साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें आहे. डॉक्टरला त्या उत्तराची गरज निराळ्या कारणासाठीं असते. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावरही तंबाखू चालू राहिली, तर किरणोपचाराचा गुण कमी येतो आणि त्याच तोंडांत, दुसऱ्या जागीं, नवा कर्करोग उत्पन्न होण्याचा संभव वाढतो. कारण धुरकट दिव्याखालीं वर्षानुवर्षें जें लिहिलें गेलें, तें एकाच पानावर नसतें. त्या प्रश्नाला लागूनच रोग्याचें वय, त्याचा धंदा, आणि त्याच्या आईकडील व वडिलांकडील नात्यांत हा रोग पूर्वीं कोणाला झाला होता काय, हेंही विचारतात. आणि या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी बरोबर असलें, तर फार सोयीचें होतें.